व्यायामाने रक्तातलं आयएल-६ वाढतं म्हणे, मग आमवात असलेल्या आईने रोज चालावं का?

गोदाकाठची_लेक

नमस्कार सगळ्यांना, प्रश्न जरा लांबलाय पण वाचा प्लीज. आईला (वय ६१) आमवात आहे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिस. मेथोट्रेक्सेट (आमवाताची गोळी) चालू आहे आणि सध्या बऱ्यापैकी कंट्रोलमध्ये आहे. डॉक्टरांनी मागच्या वेळी सांगितलं की रोज वीसेक मिनिटं चाला, सांधे आखडू देऊ नका, म्हणून आई इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जायला लागली आणि तिला ते आवडलंही, तिथे तिच्या दोन मैत्रिणीही झाल्यात.

आता झालं असं की भावाने कुठेतरी वाचलं की व्यायाम केला की रक्तात आयएल-६ (इंटरल्युकिन-६, सुजेशी संबंधित प्रथिन) वाढतं. आमच्या घरात हे नाव निघालं की सगळे गप्प होतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये बाबा कोविडने ॲडमिट होते तेव्हा रोज संध्याकाळी आम्ही याच रिपोर्टची वाट बघायचो, आयएल-६ किती, सीआरपी किती, डी-डायमर किती. आणि टोसिलिझुमॅब मिळावं म्हणून भाऊ अख्खं नाशिक पालथं घालत होता. बाबा सुखरूप घरी आले पण ते नाव डोक्यातून गेलं नाही. आणि आईच्या डॉक्टरांकडूनच कळलं की तेच इंजेक्शन आमवातालाही देतात, म्हणजे आयएल-६ अडवायलाच. मग जे अडवायला एवढं महागडं इंजेक्शन देतात ते आपणच रोज चालून वाढवायचं का? आई आता घाबरून दोन दिवस ट्रॅकवर गेलेली नाही.

दुसरं म्हणजे पुढच्या महिन्यात तिची सीआरपी आणि ईएसआर (शरीरात सूज किती आहे ते दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट) करायची आहे, त्याआधी चालणं बंद ठेवावं का? आणि खरं सांगा, वीस मिनिटांनी रक्तात खरंच काही फरक पडतो का?

पेडलवाला_नाशिक

ताई आधी एकच सांगतो, काकूंना उद्यापासून परत ट्रॅकवर पाठवा. बाकी शास्त्र इथले जाणकार सांगतीलच, मी फक्त टेस्टबद्दल माझा अनुभव लिहितो कारण तो कामाला येईल.

मी अंबडला कंपनीत आहे. श्रावणात तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी केली, अनवाणी, रात्री निघून सकाळी परत, वीसेक किलोमीटर चिखलातून चढउतार आणि वरून पाऊस. आणि मंगळवारी कंपनीचं वार्षिक मेडिकल. बुधवारी रिपोर्ट आला तर सीआरपी वाढलेला, एसजीओटी वाढलेला, घरी सगळे टेन्शनमध्ये, लिव्हरला काय झालं म्हणून. कंपनीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला की रक्त द्यायच्या आदल्या दिवशी काय केलं होतं. फेरीचं सांगितल्यावर म्हणाले पुढच्या आठवड्यात आरामात परत द्या. परत दिलं तर सगळं नॉर्मल. तर मोठ्या श्रमानंतर लगेच रक्त देऊ नका. पण फेरी वेगळी आणि ट्रॅकवर वीस मिनिटं वेगळी, हे लक्षात घ्या.

फिजिओलॉजी_मॅडम

गोदाकाठची लेक, तुमची भीती मी समजू शकते, त्या एप्रिलमध्ये ज्यांच्या घरात कोणी ॲडमिट होतं त्यांना हे नाव विसरणं अवघडच आहे. मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला शिकवते आणि दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी हाच प्रश्न विचारतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आयएल-६ हे सायटोकाइन आहे, म्हणजे एका पेशीने दुसऱ्या पेशीला पाठवलेला निरोप. निरोप कोणी पाठवला, त्याच्यासोबत आणखी कोणते निरोप आले आणि तो किती वेळ येत राहिला, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. नुसता आकडा बघून हे कळत नाही.

इन्फेक्शनमध्ये किंवा कोविडसारख्या आजारात आयएल-६ मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींमधून, मॅक्रोफेज वगैरेंमधून येतं आणि त्याच्यासोबत टीएनएफ अल्फा आणि आयएल-१ बीटा हे दोघेही येतात, म्हणजे सूज पेटवणारी अख्खी टोळी. व्यायामात तसं होत नाही. व्यायामात आयएल-६ सोडतात ते आपले स्नायू. हे कसं कळलं ते सांगते कारण मला तो प्रयोग फार आवडतो. २००० साली कोपनहेगनमध्ये बेंटे क्लार्लुंड पेडरसन यांच्या गटाने माणसांना बसवून फक्त एका पायाने व्यायाम करायला लावला, गुडघा सरळ करायचा, परत वाकवायचा, कित्येक तास, आणि दुसरा पाय तसाच निवांत ठेवला. दोन्ही पायांच्या रक्तवाहिन्यांमधून, म्हणजे पायात जाणारं रक्त आणि पायातून बाहेर येणारं रक्त, असे नमुने घेत राहिले. काम करणाऱ्या पायातून बाहेर येणाऱ्या रक्तात आयएल-६ वाढलेलं, निवांत पायातून काहीच सुटत नव्हतं. माणूस तोच, रक्त तेच, पण एक पाय आयएल-६ सोडतोय आणि दुसरा नाही, म्हणजे ते इन्फेक्शनसारखं सगळीकडून येत नाहीये, काम करणाऱ्या स्नायूतून येतंय. पुढे २००३ मध्ये त्यांनीच स्नायूंनी सोडलेल्या अशा प्रथिनांना मायोकाइन हे नाव दिलं.

आता पुढची गंमत बघा. मॅरेथॉन पळून आलेल्या माणसाच्या रक्तात आयएल-६ कधीकधी शंभरपटीपर्यंत वाढलेलं सापडतं, पण टीएनएफ अल्फा जेमतेम हलतं. व्यायाम थांबला की आयएल-६ भराभर उतरायला लागतं, काही तासांत खाली. आणि उतरता उतरता ते आयएल-१० आणि आयएल-१ रिसेप्टर अँटॅगोनिस्ट अशी सूज दाबणारी प्रथिनं वाढवून जातं. कोपनहेगनलाच २००३ मध्ये निरोगी तरुणांना जंतूंचं विष (एंडोटॉक्सिन) अगदी थोड्या डोसमध्ये टोचून बघितलं. आराम करत असताना टोचलं तर टीएनएफ दुप्पट तिप्पट वाढलं. पण तीन तास सायकल चालवताना टोचलं तर टीएनएफ वाढलंच नाही. आणि सायकलऐवजी नुसतं आयएल-६ शिरेतून दिलं तरी टीएनएफ दबलं! म्हणजे व्यायामाच्या वेळचं आयएल-६ सूज वाढवत नाही, उलट सूज वाढवणाऱ्याचा हात धरतं.

पण वीस मिनिटांत एवढं होतं का? नाही. किती वेळ, किती जोरात आणि शरीराचे किती स्नायू कामाला लागले यावर आयएल-६ किती सुटेल ते ठरतं, स्नायूतला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा संपत आला की जास्त सुटतं. तुमच्या आई ट्रॅकवर आरामात चालतात तेव्हा ते वाढतच असेल तर अगदी थोडं, कित्येकदा मोजण्यातही येणार नाही. त्यामुळे भावाला सांगा, काळजीचं कारण नाही.

मग वीस मिनिटांचा उपयोग काय, तर त्याचा रस्ता जरा वेगळा आहे. २०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो कॅम्पसमध्ये ४७ निरोगी लोकांना ट्रेडमिलवर फक्त २० मिनिटं मध्यम वेगाने चालवलं. चालायच्या आधी आणि लगेच नंतर रक्त घेतलं, ते प्रयोगशाळेत जंतूंच्या विषाने डिवचलं आणि टीएनएफ तयार करणाऱ्या मोनोसाइट पेशी मोजल्या. चालल्यानंतरच्या रक्तात त्या साधारण ५ टक्क्यांनी कमी भरल्या. व्यायामात ॲड्रेनलिन नॉरॲड्रेनलिन वाढतं आणि या पेशींवर त्यांचे बीटा-२ रिसेप्टर (निरोप पकडणाऱ्या जागा) असतात, तिथून पेशींना जरा शांत राहायचा इशारा मिळतो. हे दर वेळी चाललं की होतं, म्हणूनच आम्ही रोज चाला म्हणतो.

सातपूरचा_वाचक

मॅडम, लिहिलंय छान पण एक शंका, ५ टक्के म्हणजे किती हो? तेही निरोगी माणसांच्या रक्तात, टेस्ट ट्यूबमध्ये. याच्यावरून लोक व्हॉट्सॲपवर फिरवतात की २० मिनिटं चाला आणि सूज घालवा, औषधं सोडा. आमच्या शेजारच्या मावशींनी असंच ऐकून आमवाताच्या गोळ्या बंद केल्या आणि तीन महिन्यांत बोटं वाकडी व्हायला लागली.

फिजिओलॉजी_मॅडम

तुम्ही अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत आणि मी हे वरच लिहायला हवं होतं. तो प्रयोग निरोगी लोकांवरचा आहे, एका वेळच्या चालण्याचा आहे, आणि रक्तातली सूज किती कमी झाली हे त्यात मोजलेलंच नाही, फक्त डिवचल्यावर पेशी किती उसळतात ते मोजलंय. त्यातून एवढंच कळतं की थोड्या व्यायामाचीही शरीर दखल घेतं. आमवात त्याने बरा होत नाही. मेथोट्रेक्सेट सांध्याचं हाड झिजणं रोखतं, ते काम चालण्याने होणार नाही. गोळी आणि चालणं दोन्ही हवं, आणि गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा बंद करायची नाही. मावशींना परत डॉक्टरांकडे न्या हो, अजूनही उशीर झालेला नसेल.

गोदाकाठची_लेक

मॅडम खूप खूप आभार, एका पायाचा प्रयोग आईला वाचून दाखवला, ती म्हणाली असं डोकं चालवणारी माणसं पाहिजेत. पण माझा एक प्रश्न राहिलाच, टोसिलिझुमॅबचा. आयएल-६ एवढं चांगलं असेल तर आमवातात ते अडवतात का?

फिजिओलॉजी_मॅडम

हा खरा प्रश्न आहे. आमवातात आयएल-६ सांध्याच्या अस्तरातून दिवसरात्र सुटत राहतं, टीएनएफच्या सोबतीने, महिनोन्महिने. ते यकृतात जाऊन सीआरपी तयार करायला लावतं. हेपसिडिन नावाचं हार्मोन वाढवतं, मग शरीरात लोह असूनही ते रक्त बनवायला मिळत नाही, म्हणून आमवाताच्या बायकांचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या घेऊनही वर येत नाही (आईचं बघा बरं कसं आहे). शिवाय ते रक्तात तरंगणाऱ्या सुट्या रिसेप्टरला चिकटून अशा पेशींवरही काम करतं ज्यांच्यावर आयएल-६ चा स्वतःचा रिसेप्टर नसतो, आणि सांध्यांचं नुकसान बरंचसं या वाटेने होतं. हे सतत चढलेलं आयएल-६ अडवायला ते इंजेक्शन. व्यायामातलं आयएल-६ काही तासांत येऊन जातं.

आणि अडवलं की काय जातं हेही बघितलेलं आहे. २०१९ मध्ये डेन्मार्कमध्येच पोटाचा घेर जास्त असलेल्या लोकांना १२ आठवडे सायकलिंग करायला लावलं, काहींना टोसिलिझुमॅब देऊन, काहींना नुसतं सलाइन देऊन. सलाइनवाल्यांची पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी व्यायामाने कमी झाली. टोसिलिझुमॅबवाल्यांनी तोच व्यायाम केला पण ती चरबी कमी झाली नाही. आणि ही चरबी स्वतःच सूज वाढवणारी प्रथिनं सोडत असते, त्यामुळे ती कमी होणं हा चालण्याचा खरा लांब पल्ल्याचा फायदा. अर्थात ज्यांना आमवातासाठी हे इंजेक्शन लागतं त्यांनी ते घ्यायलाच हवं, आणि त्यांनीही चालायला हवं, कारण हृदय, स्नायू, हाडं यांचे सगळेच फायदे काही आयएल-६ वर अवलंबून नाहीत.

लॅबमधला_दादा

पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, रिपोर्टचं मी सांगतो. पेडलवाल्या भाऊंच्या रिपोर्टमध्ये झालं ते असं की खूप चढउताराने, विशेषतः उताराने, स्नायूंना बारीक इजा होतात, त्यातून सीके (स्नायूंतलं एन्झाइम) आणि एसजीओटी रक्तात येतात, एसजीओटी फक्त लिव्हरचं नसतं, स्नायूंतही असतं. आणि सीआरपी यकृतात तयार होऊन वाढायला काही तास लागतात, सहाएक तासांनी चढायला लागतो आणि दोनेक दिवसांत टोकाला जातो, अर्धा व्हायला साधारण १९ तास. म्हणून सोमवारची फेरी मंगळवारच्या रक्तात दिसली.

तुमच्या आईचं चालणं सीआरपी हलवण्याइतकं नाही. टेस्टच्या आदल्या दिवशीही नेहमीसारखं चालू द्या, फक्त टेस्टच्या दोन दिवस आधीपासून पांडवलेणीच्या पायऱ्या, रामशेज, लग्नाच्या घरात दिवसभर उभं राहणं असलं नेहमीपेक्षा जास्त काही नको. सकाळी रक्त द्यायचं असेल तर पायपीट करत धापा टाकत येऊ नका, दहा पंधरा मिनिटं शांत बसून मग द्या, कारण जोरात श्रम केल्यावर रक्तातलं पाणी थोडं कमी होतं आणि आकडे उगाच जास्त दिसतात. सर्दी, खोकला, दाढ सुजलेली, लघवीचं इन्फेक्शन यातलं काही असेल तर आधी सांगा, ते सीआरपी कितीतरी जास्त वाढवतात.

आणि एक, लोक हृदयासाठीची एचएस-सीआरपी आणि साधी सीआरपी यात गोंधळ करतात. एचएस-सीआरपीत १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत कमी धोका, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त असं धरतात, पण १० च्या वर गेला तर आधी इन्फेक्शन किंवा सूज शोधायची आणि बरं वाटल्यावर परत करायची. तुमच्या आईला आमवात आहे म्हणजे तिचा आकडा या तक्त्यात बसवू नका, डॉक्टर तो मागच्या आकड्याशी ताडून बघतील. त्यामुळे शक्यतो दर वेळी एकाच लॅबमधून करा. आयएल-६ मात्र स्वतःहून करायला येऊ नका, नॉर्मल माणसाचं ते इतकं कमी असतं आणि दिवसभरात इतकं वरखाली होतं, वर सॅम्पल वेळेत फिरवून सिरम वेगळं केलं नाही तर आकडाच बदलतो. कोविडनंतर बरेच जण हौसेने विचारायला येतात, मी परत पाठवतो.

फिजिओ_पंचवटी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आमवाताचे पेशंट रोज बघते. दोन तीन कामाच्या गोष्टी.

काकू ट्रॅकवर पहाटे जातात का? जात असतील तर वेळ बदला. आमवातात आयएल-६ पहाटेच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि म्हणूनच सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत, पाय टेकवत नाहीत. त्यातून नाशिकची डिसेंबरची थंडी, स्वेटर घालूनही सांधे धरलेलेच असतात. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून मुठी उघडझाप करा, आणि चालायला संध्याकाळी पाचला जा, अंग मोकळं झालेलं असतं.

सलग वीस मिनिटं झालीच पाहिजेत असंही नाही. डब्ल्यूएचओने २०२० च्या मार्गदर्शनात किमान दहा मिनिटं सलग ही जुनी अट काढूनच टाकली, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल व्हावी, ती कशीही तुकड्यात झाली तरी चालते. दुपारी जेवणानंतर सोसायटीच्या आवारात सात आठ मिनिटं, संध्याकाळी ट्रॅकवर उरलेलं. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम लागावा.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात २०१८ मध्ये आमवाताच्या १२ वयस्क लोकांना १० आठवडे, आठवड्यातून तीनदा अर्धा तास, थोडं भरभर थोडं हळू असं आलटून पालटून चालायला लावलं. सगळ्यांचा आजार स्थिर होता, तरी आजाराचा स्कोअर आणि ईएसआर दोन्ही खाली आले. १२ च लोक आहेत, छोटा प्रयोग आहे हे मान्य, पण सांधे बिघडले नाहीत हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण पेशंटची पहिली भीती तीच असते. माझ्याकडे येणाऱ्या बायका मुद्दाम कमी हलतात, मग मांडीचे स्नायू वाळतात, आणि मग गुडघा आणखी दुखतो.

मी घालून देते तो नियम एकच, चालून आल्यावर वाढलेलं दुखणं दोन तासांनंतरही तसंच असेल तर उद्या कमी चालायचं, बंद नाही करायचं. एखादा सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तर त्या दिवशी त्याला आराम, बाकीचे सांधे हलवत राहायचे. आणि चप्पल घालून नको, टाचेला गादी असलेले, पुढून रुंद असलेले बूट घ्या, आमवातात पायाची बोटं पसरतात आणि अरुंद बुटात खूप त्रास होतो.

नाशिकरोड_काका

मला गुडघ्याची झीज आहे, आमवात नाही. मलाही हेच लागू का? मी मुक्तिधामपर्यंत चालत जाऊन येतो.

फिजिओ_पंचवटी

काका, लागू आहे, झीज झालेल्या गुडघ्यातही थोडी सूज असतेच आणि चालणं फायद्याचंच. तुमच्या बाबतीत मांडीचा पुढचा स्नायू मजबूत करणं त्याहून जास्त गरजेचं, खुर्चीत बसून पाय सरळ करून पाच सेकंद धरायचा, दोन्ही पायांना दहा दहा वेळा, सकाळ संध्याकाळ. दोन तासांचा नियम तोच. वजन किती आहे तुमचं?

गोदाकाठची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आईने सगळं वाचलं, भावाला बसवून परत वाचायला लावलं. ती पहाटेच जायची, साडेपाचला, आता संध्याकाळी जाणार आहे, मैत्रिणींनाही फोन करून वेळ बदलून घेतली. हिमोग्लोबिन बघितलं, ९.८ आहे आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत, हे फॉलोअपला डॉक्टरांना विचारते. फिजिओ मॅडम, रुंद बूट बायकांच्या मापात नाशिकमध्ये कुठे मिळतील? मेन रोडला दोन दुकानं फिरलो, सगळे निमुळतेच दाखवतात.

फिजिओ_पंचवटी

पुरुषांच्या सेक्शनमध्ये आईच्या मापाचा बघा, तो मुळातच रुंद असतो, माझ्या बऱ्याच पेशंट तेच वापरतात. संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात, तेव्हाचं माप बरोबर बसतं.